इंग्लिश पॉप गाणी गायची आहेत? ११ ते १५ वयाच्या मुलामुलींसाठी पहिल्यापासून सगळं

गॅदरिंग जवळ आलं, किंवा सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम ठरला, की सातवी-आठवीतली मुलं येऊन विचारतात, आम्हाला इंग्लिश गाणं म्हणायचंय, कुठलं म्हणू? आणि बहुतेकांच्या डोक्यात तेच एक गाणं असतं जे त्या महिन्यात रीलवर वाजतंय. त्यातल्या पंधरा सेकंदांवर प्रेम बसलेलं असतं, बाकीचं गाणं ऐकलेलंच नसतं. मग तालमीला बसलं की कळतं की सुरुवात इतकी खाली आहे की आवाजच निघत नाही आणि तो रीलवाला तुकडा इतका वर आहे की घसा ताणतोय.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या आईबाबांसाठीसुद्धा. मी स्वतः पेटीवर सारेगम शिकत मोठी झाले, घरी भावगीतं नाट्यगीतं, इंग्लिश गाणी कॉलेजात गेल्यावर हाती लागली, आणि जीभ कुठे अडकते, श्वास कुठे संपतो, कुठल्या शब्दावर लोक हसतात हे सगळं एकेक करून शोधावं लागलं कारण सांगणारं कोणी नव्हतं. आता सोसायटीतल्या मुलांची गाणी बसवते तेव्हा तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. गाणं किती फेमस आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी ते तुमच्या आवाजात बसतंय का, मग शब्द तुम्हाला कळतायत का आणि तुमच्या तोंडी शोभतायत का. एवढं जमलं की साधं गाणंसुद्धा मस्त लागतं.

काय काय लागेल

- मोबाईल आणि वायरवाला इयरफोन (ब्लूटूथचा का नको ते पुढे सांगते)
- पेटी किंवा कीबोर्ड, नसेल तर मोबाईलवरचं पियानोचं कुठलंही फुकट अॅप
- एक वही आणि पेन्सिल, शब्द हातानेच लिहायचेत
- पाण्याचा ग्लास आणि एक स्ट्रॉ
- रोज वीस मिनिटं, जेव्हा घरात टीव्ही चालू नसेल

१. आधी स्वतःची पट्टी शोधा

आपल्याकडे गायकाला विचारतात ना, कुठली पट्टी, काळी चार की पांढरी एक, तेच इंग्लिश गाण्यालाही लागू आहे, फक्त तिकडे त्याला की म्हणतात. तिकडचा सी म्हणजे आपली पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, ई म्हणजे पांढरी तीन, जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा. हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मग इंटरनेटवर गाण्याची की बघितली की लगेच कळेल कुठे हात ठेवायचा.

आता पियानोच्या मधल्या पांढरी एकपासून सुरू करा आणि आऽ म्हणत एकेक सूर खाली या. जिथे सूर संपून नुसती हवा यायला लागते तिथे थांबा, तो सूर लिहा. मग वर जा. जिथे मान ताणली जाते, हनुवटी वर उचलली जाते, तो सूर लिहा. या दोन टोकांच्या दोन-दोन सूर आत जी जागा उरते ती तुमची. गाणं या जागेत मावलं पाहिजे.

मुलांसाठी वेगळं सांगते. साधारण अकरा ते पंधराच्या मध्ये कधीतरी आवाज फुटतो, स्वरयंत्र मोठं होतं, आतल्या स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात सकाळी एक आवाज आणि संध्याकाळी दुसरा असं होतं. गाणं अजिबात बंद करायचं नाही, फक्त वरच्या सुरांसाठी जोर लावायचा नाही आणि दर महिन्याला ही पट्टी परत तपासायची. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, कमी बदलतो पण बदलतो, थोडा घोगरा किंवा हवेसारखा वाटतो, तेही नॉर्मल आहे.

२. गाण्याचा सांगाडा समजून घ्या

आपल्या गाण्यात ध्रुवपद आधी येतं, मग अंतरा, मग परत ध्रुवपद. पॉप गाण्यात बहुतेक वेळा उलटं असतं. आधी व्हर्स येतो, म्हणजे गोष्ट सांगणारा भाग, आणि तो खालच्या सुरात बोलल्यासारखा असतो. मग कधीकधी एक छोटा चढ येतो त्याला प्री-कोरस म्हणतात, आणि मग कोरस, म्हणजे सगळ्यांना पाठ असलेला भाग, जो सहसा गाण्यातला सगळ्यात वरचा. दोन वेळा हे झालं की ब्रिज येतो, चाल बदलते, आणि शेवटी परत कोरस.

म्हणून गाणं निवडताना दोन जागा गाऊन बघा, पहिल्या व्हर्सची पहिली ओळ आणि शेवटचा कोरस. दोन्ही जमत असतील तर मधलं सगळं जमेल. अडेलचं समवन लाइक यू हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. २०११ चं गाणं, फक्त पियानो आणि आवाज, ऐकायला इतकं साधं वाटतं की प्रत्येक मुलीला ते गायचं असतं. पण व्हर्स छातीतून खाली आहे आणि कोरसला ती एकदम वर झेप घेते, आणि मागे ड्रम गिटार काहीच नसल्यामुळे चुकलेला प्रत्येक सूर ऐकू येतो. हे पहिलं गाणं म्हणून घेऊ नका, वर्षभराने घ्या.

क्रम मोडणारी गाणीही असतात. आबा या स्वीडनच्या ग्रुपचं डान्सिंग क्वीन, १९७६ चं, थेट कोरसच्या मधूनच सुरू होतं. अशा गाण्यात तयारीला वेळ मिळत नाही, पहिलाच सूर वर लागतो.

३. पहिली चार गाणी, याच क्रमाने

लीन ऑन मी, बिल विदर्स, १९७२. माझ्या मते पेटी येणाऱ्या मराठी मुलांसाठी याहून चांगलं पहिलं गाणं नाही. पांढरी एकला सा धरा आणि हे वाजवा: सा, सा रे ग म, म ग रे सा, सा रे ग, ग रे. झालं, गाण्याची पहिली ओळ वाजली! बहुतेक चाल सा ते म या चार सुरांतच शिडीसारखी चढते उतरते, उड्या नाहीत. विदर्स अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळशाच्या खाणीच्या गावाकडचा, नऊ वर्षं नेव्हीत होता, मग कारखान्यात काम केलं आणि तिशी ओलांडल्यावर गायक म्हणून पुढे आला. अडचणीत एकमेकांना टेका द्यायचा एवढाच गाण्याचा विषय, आणि तो सहावीतल्या मुलालाही कळतो. एकच धोका आहे, गाणं हळू आहे म्हणून मुलं ओळीच्या शेवटी सूर सोडून देतात. शेवटचा सूर पूर्ण धरा.

काउंट ऑन मी, ब्रुनो मार्स, २०१० च्या अल्बममधलं. मैत्रीचं गाणं, शब्द एकदम स्वच्छ, कोरसमध्ये एक दोन तीन असे आकडे पुढे जातात आणि मग चार तीन दोन असे मागे येतात त्यामुळे पाठांतर आपोआप होतं. युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) वाजवणारा कोणी मित्र असेल तर दोघं मिळून बसवा. मूळ पट्टीत ब्रुनो बराच वर गातो, तेव्हा आवाज फुटलेल्या मुलांनी पट्टी उतरवूनच घ्यायची.

स्टँड बाय मी, बेन ई. किंग, १९६१. यात व्हर्सला आणि कोरसला मागे तेच चार कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी मिळून वाजणारे तीन-चार सूर) गोल गोल फिरत राहतात, त्यामुळे कुठे आलो ते हरवत नाही. सुरुवातीची डबल बेसची (उभं धरून वाजवायचं खालच्या सुरांचं मोठं वाद्य) लकेर तोंडाने गुणगुणता आली पाहिजे, ती आली की ताल आला. ग्रुपमध्ये असाल तर एकाने फक्त ती लकेर धरायची आणि दुसऱ्याने गायचं, भारी वाटतं.

वी विल रॉक यू, क्वीन, १९७७. दोनदा पाय, एकदा टाळी. साधारण दोन मिनिटांचं गाणं आणि गिटार शेवटी येईपर्यंत मागे फक्त पाय आणि टाळ्याच, म्हणजे अख्खा वर्ग वाद्याशिवाय बसवू शकतो. आणि हो, हे गाणं गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, जन्म १९४६ मध्ये झांझिबारला, पारशी घरातला, आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथे होस्टेलला असताना त्याने मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता आणि त्यात तो पियानो वाजवायचा. तुमच्याच वयाचा होता तेव्हा. पाचगणीला ट्रिपला गेलात की लक्षात ठेवा. या गाण्यात धोका एकच, ओरडायचं नाही. जोर टाळीत आणि शब्द तोडून म्हणण्यात आहे, गळ्यात नाही.

४. शब्द आधी वाचा, मग गाणं ठरवा

ही पायरी आईबाबांनी मुलांबरोबर बसून करावी असं मला मनापासून वाटतं. चाल आनंदी आहे म्हणजे गाणं आनंदी असेल असं नसतं. फॉस्टर द पीपलचं पम्प्ड अप किक्स ऐका, शिट्टी, मस्त ठेका, पिकनिकला लावावं असं, आणि शब्द आहेत बंदूक हातात आलेल्या एका बिथरलेल्या मुलाचे. शाळेच्या स्टेजवर ते गाणं नकोच. एड शीरनचं शेप ऑफ यू, २०१७ चं, गॅदरिंगमध्ये सर्रास वाजतं पण ते सुरूच बारमधून होतं आणि पुढे सगळं शरीराबद्दल आहे. बारा वर्षांच्या मुलाने ते गावं असं मला तरी वाटत नाही, आणि त्याच गायकाची दुसरी कितीतरी गाणी आहेत की.

दुसरा धोका शिवीचा. ऑलिव्हिया रॉड्रिगोचं ड्रायव्हर्स लायसन्स २०२१ मध्ये आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मुलींना ते फार जवळचं वाटतं, पण त्यात एक शिवी आहे, पटकन लक्षात येत नाही अशी. स्पॉटिफायवर गाण्याच्या नावाशेजारी छोट्या चौकोनात ई दिसला की त्यात असं काहीतरी आहे समजायचं. बऱ्याच गाण्यांचं क्लीन व्हर्जन वेगळं निघतं ते शोधा, आणि स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये अशी गाणी बंद करायची सोयही आहे. फक्त हे लक्षात ठेवा की कराओके ट्रॅकवर असा ई नसतो, तिथे शब्द तुम्हालाच बघायचेत.

शब्द दोन वेगवेगळ्या साइटवरून बघा कारण चुकीचे शब्द खूप फिरत असतात. मग वहीत हाताने लिहा आणि प्रत्येक व्हर्सखाली मराठीत दोन ओळी लिहा की इथे काय चाललंय. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही ती ओळ गाताना चेहरा कोरा पडतो, समोरच्याला ते लगेच दिसतं.

५. उच्चार: कानाने लिहा, स्पेलिंगने नाही

मराठी मीडियमची मुलं शब्द देवनागरीत लिहून घेतात आणि मग कोणीतरी त्यांना हसतं. अजिबात लाजू नका, देवनागरीत लिहिणं चांगलंच आहे, फक्त जसं ऐकू येतं तसं लिहा. गायक लीन, ऑन, मी असे तीन सुटे शब्द म्हणत नाही, तो म्हणतो लीनॉन मी. स्टँड बाय मी ऐकायला जवळजवळ स्टॅन् बाय मी येतं, मधला ड नुसता जिभेला टेकून जातो. शब्द असे एकमेकांना जोडले की अर्धं काम झालं.

पुढच्या तीन गोष्टी आपल्या जिभेला खास अडतात:

पहिली, डब्ल्यू आणि व्ही. आपण दोन्हीला व म्हणतो. वी विल मधला व करताना ओठ गोल करून उ म्हटल्यासारखी सुरुवात करा, उई उइल, दात ओठाला लागता कामा नयेत. लव्ह मधल्या व्हला वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे. आरशासमोर पाच मिनिटं केलं की येतं.

दुसरी, टीएच. थँक यू म्हणताना आपण मराठीतला थ वापरतो, बोलताना चालून जातं पण माइकवर तो फटकन येतो. जिभेचं टोक दातांच्या मध्ये ठेवून हवा सोडा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, लांबवायचे स्वर. बाय, नाइट, टाइम असे शब्द लांब धरायचे असतात तेव्हा आपण यऽऽ किंवा ईऽऽ वर रेंगाळतो, नाईऽऽऽट, आणि सूर चेपला जातो. आ वर रेंगाळा, नाऽऽऽइट, आणि इ अगदी शेवटी टेकवून बंद करा. रोड मध्ये ओ वर, डे मध्ये ए वर. एवढा एक बदल केला की गाणं लगेच वेगळं ऐकू येतं, घरचे विचारतील काय केलंस म्हणून.

आणि खोटा अमेरिकन अॅक्सेंट आणायची काही गरज नाही. शब्द स्वच्छ कळले पाहिजेत. आबाचे चौघं स्वीडिश, इंग्लिश त्यांची मातृभाषा नाही, पण १९७४ ला त्यांनी युरोव्हिजन ही युरोपातली मोठी गाण्याची स्पर्धा इंग्लिश गाण्यावर जिंकली.

६. ताल आणि हरकती

बहुतेक पॉप गाणी चार-चारच्या मोजणीत असतात, केरवा येत असेल तर बसायला त्रास नाही. फरक टाळीचा. आपण पहिल्या मात्रेवर टाळी देतो, तिकडे ड्रमचा फटका दोन आणि चारवर पडतो. चालता चालता गाणं लावा आणि दोन-चारवर चुटकी वाजवा, सुरुवातीला हात आपोआप एकवर जाईल, दोन-तीन दिवसांत बसतं. एड शीरनचं परफेक्ट मात्र सहाच्या झोक्यात आहे, दादऱ्यासारखं, म्हणून ते आपल्या मुलांना लवकर बसतं.

क्लासला जाणाऱ्या मुलांसाठी एक खास सूचना. तुमचा गळा तयार असतो म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी मुरकी निघते. ती आवरा. पॉपमध्ये सूर आधी सरळ लागतो, आणि तुम्ही एकच सूर धरलेला असताना खाली कॉर्ड बदलतात, त्या बदलण्यात सगळी मजा असते. तुम्ही सूर हलवलात तर ती ऐकूच येत नाही. तानपुऱ्यावर गायची सवय असलेल्यांना सुरुवातीला चुकल्यासारखं होतं कारण खाली सा स्थिर राहत नाही. घाबरू नका, कॉर्डकडे कान द्या, तो बदलत असतो तेव्हा तुमचा सूर कधी गोड लागतो कधी ओढ लावतो.

७. पुढची पायरी: ही गाणी ऐकत जा

पहिली चार झाली की इथून निवडा. यादी माझ्या आवडीची आहे, पण प्रत्येक गाणं ठेवण्यामागे कारण आहे.

बीटल्सचं लेट इट बी, १९७०, पांढरी एकमध्येच आहे म्हणजे पेटीवर साथ सोपी. पॉल मॅकार्टनी चौदा वर्षांचा असताना त्याची आई वारली, तिचं नाव मेरी, ती अनेक वर्षांनी त्याच्या स्वप्नात आली आणि धीर देऊन गेली त्यातून हे गाणं आलं. हे माहीत असलं की गाताना आवाज आपोआप मऊ होतो. हे ज्यूड पण सुंदर आहे पण ते सात मिनिटांच्या वर जातं, स्टेजवर घ्यायचं तर शेवटचा नानाना वाला भाग कापावा लागेल.

जॉन डेन्व्हरचं टेक मी होम, कंट्री रोड्स, १९७१, ग्रुपने गायला एक नंबर. गंमत म्हणजे हेही वेस्ट व्हर्जिनियाचंच, बिल विदर्सच्या राज्याचं, आणि २०१४ मध्ये त्या राज्याने ते अधिकृत राज्यगीतांमध्ये घेतलं. गाव सोडून लांब राहणाऱ्या कुणालाही ते भिडतं, ट्रेकला निघालेल्या बसमध्ये म्हणून बघा.

ज्या मुलींचा आवाज खाली आहे आणि ज्यांना सगळे वर गा वर गा म्हणतात त्यांनी कारेन कारपेंटर ऐका. कारपेंटर्स म्हणजे भाऊबहीण, सत्तरच्या दशकातले, कारेन ड्रमही वाजवायची. टॉप ऑफ द वर्ल्ड आणि यस्टरडे वन्स मोअर ही दोन घ्या. खालचा आवाज किती गोड लागू शकतो आणि प्रत्येक शब्द कसा स्वच्छ येतो ते तिच्याकडून शिकायचं. मी अजूनही मुलींना उच्चारासाठी हीच दोन गाणी देते.

ज्या मुलांचा आवाज अजून फुटलेला नाही त्यांनी जॅक्सन फाइव्ह ऐका. १९७० ला एबीसी आलं तेव्हा मायकल जॅक्सन अकरा वर्षांचा होता. वरचा आवाज असेल तर आत्ताच गाऊन घ्या, नंतर ही पट्टी राहणार नाही.

टेलर स्विफ्टचं लव्ह स्टोरी, २००८. गोष्ट रोमिओ-ज्युलिएटची, तिने विशीच्या आत लिहिलेली. इथे एक सापळा आहे. गाणं पांढरी दोनमध्ये चालतं आणि शेवटच्या कोरसला एकदम पांढरी तीनवर चढतं. याला की चेंज म्हणतात आणि तालमीत लक्ष नसेल तर स्टेजवर तुम्ही जुन्या पट्टीत आणि ट्रॅक नव्या पट्टीत असं होतं. तेवढी जागा वीस वेळा म्हणा. २०२१ मध्ये तिने हेच गाणं परत रेकॉर्ड केलंय, चाल आणि पट्टी तीच.

कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर येऊन गेले आणि एड शीरन त्याच महिन्याच्या शेवटी पुण्यात, तेव्हापासून मुलं या दोघांचीच गाणी मागतात. कोल्डप्लेचं व्हिवा ला विडा ग्रुपसाठी चांगलं, मधला ओओ सगळे म्हणू शकतात. यलो ऐकायला सोपं आहे पण गायक मध्येच पातळ आवाजात उडी मारतो, ती जमत नसेल तर खालचाच सूर घ्या, बिघडत नाही.

बिली आयलिशचं ओशन आइज तिने तेरा वर्षांची असताना गायलं, भावाने लिहिलेलं, घरीच रेकॉर्ड केलेलं. खूप मुलींना तसं कुजबुजत गायचं असतं. पण तो आवाज माइकच्या अगदी जवळ गाऊन मिळतो, वर्गात माइकशिवाय तसं गायलात तर दुसऱ्या बाकालाही ऐकू जाणार नाही. घरी गा, रेकॉर्ड करा, स्टेजसाठी दुसरं ठेवा.

आणि व्हिटनी ह्यूस्टनचं आय विल ऑलवेज लव्ह यू, १९९२ चं. ऐका, खूप ऐका, पण गायचं आत्ता नको. त्या उंचीवर जोर लावून घसा बसवून घेतलेली मुलं मी बघितली आहेत.

८. कराओके ट्रॅक कसा घ्यायचा

यूट्यूबवर गाण्याच्या नावापुढे कराओके लिहून शोधा, आणि मूळ पट्टी जमत नसेल तर लोअर की असं जोडा, मोठ्या गाण्यांचे खालच्या पट्टीतले ट्रॅक मिळतात. नाही मिळाला तर मॉइझेससारखी अॅप आहेत, त्यात गाणं टाकलं की गायकाचा आवाज वेगळा काढता येतो आणि पट्टी खालीवर करता येते, फुकटात थोडंफार चालतं. दोन सुरांपेक्षा जास्त उतरवलं की ट्रॅक विचित्र ऐकू यायला लागतो, तेव्हा इतका फरक पडत असेल तर गाणंच बदला.

ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. नुसतं ऐकताना कळत नाही, पण ट्रॅकवर गाऊन रेकॉर्ड केलं की तुम्ही सारखे तालाच्या मागे पडलेले ऐकू येता आणि मूल बिचारं स्वतःलाच बेताल समजतं. वायरवाला वापरा, आणि एक कान मोकळा ठेवा म्हणजे स्वतःचा आवाजही ऐकू येईल.

९. रोजची वीस मिनिटं

पहिले दोन-तीन दिवस फक्त ऐका, वही समोर ठेवून, आणि गायक जिथे श्वास घेतो तिथे पेन्सिलने छोटी खूण करा. यूट्यूबवर वेग ०.७५ केला की पट्टी न बदलता गाणं हळू होतं, अडलेल्या ओळी त्यात ऐका. मग शब्द तालात नुसते बोला, सूर न लावता. ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे, कारण इंग्लिश गाण्यात आपण सुरापेक्षा शब्दांच्या गर्दीत अडकतो.

त्यानंतर व्हर्स, मग कोरस, सगळ्यात शेवटी ब्रिज, तो सगळ्यांचा कच्चा राहतो. गायच्या आधी ओठ सैल सोडून ब्रर्र करत सारेगमप चढा-उतरा, किंवा अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत चाल गुणगुणा, घशावर ताण न येता आवाज मोकळा होतो. घसा दुखला, आवाज बसला तर त्या दिवशी सुट्टी. कुजबुजूही नका, गप्प बसा.

गोव्यात, वसईत किंवा कुठेही चर्चच्या क्वायरमध्ये गाणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याबरोबर एकदा तरी बसा. दुसरा आवाज कसा धरायचा, म्हणजे तुम्ही ग गाताय आणि शेजारचा त्याच वेळी सा धरून बसलाय तरी हलायचं नाही, हे ती मुलं लहानपणापासून करत आलेली असतात. लीन ऑन मी दोन आवाजांत बसवलंत तर ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो.

१०. स्टेजवर जाताना

- ट्रॅक डाउनलोड केलेला हवा, यूट्यूबवरून थेट वाजवायचा नाही. मध्येच जाहिरात येते नाहीतर नेट जातं
- एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक फोनमध्ये, आणि तो फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर कोरसला मावशीचा कॉल येतो
- फाइलला स्वतःचं नाव आणि गाण्याचं नाव द्या, साउंडवाल्या दादांकडे वीस फाइली असतात
- साडेतीन मिनिटांच्या वर जाऊ नका, सुरुवातीचं लांब म्युझिक कापून घ्या
- माइक तोंडापासून साधारण चार बोटं लांब, वरचा सूर आला की थोडा आणखी लांब, आणि जाळी मुठीत पकडायची नाही, शिट्टी मारतो
- शब्द पाठच हवेत, मोबाईलमध्ये बघत गायलं की मान खाली जाते आणि आवाज अडकतो

पहिली ओळ चुकली तरी थांबू नका, पुढची पकडा. मूळ शब्द प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना पाठ असतात.

११. व्हिडिओ आणि परीक्षा

इन्स्टाचं अकाउंट १३ वर्षांखाली काढता येत नाही, तेव्हा लहान असाल तर आईबाबांच्या अकाउंटवरून टाका आणि शाळेचं नाव, युनिफॉर्म, घराचा पत्ता दिसणार नाही याची काळजी घ्या. यूट्यूबवर टाकल्यावर कॉपीराइट क्लेमचा ईमेल आला तर घाबरू नका, कव्हर गाण्यांना, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गायलं की, तो बऱ्याचदा येतो, बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला जातात.

ज्यांना पुढे नीट शिकायचंय त्यांच्यासाठी परीक्षाही आहेत. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षा आपल्याकडे देता येतात, गायनासाठी इनिशियलपासून ग्रेड ८ पर्यंत, आणि त्यात तीन गाणी गायची असतात. रॉकस्कूलच्याही असतात. आपल्या शास्त्रीयच्या प्रारंभिक-प्रवेशिकासारखंच पायरी पायरीने जातं. फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या साइटवरचा त्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या, त्यातली गाणी ऐका आणि पहिल्या पायरीसारखी पट्टी तपासा. मुलाचा आवाज फुटत असेल तर परीक्षा एक सत्र पुढे ढकला, कारण फॉर्म भरताना बसणारं गाणं परीक्षेच्या दिवशी बसेलच असं नाही. फॉर्मवर आणि ओळखपत्रावर नाव एकसारखं लिहा, आणि क्लासमार्फत भरत असाल तर फीची पावती स्वतःकडे ठेवा.